पाय दाबल्यापासून गाडी उठेपर्यंत

खारघरच्या एका वाचकाचं पत्र, थोडक्यात: वय ३३, ऑफिस महापेला. घरी बायको, पाच वर्षांची मुलगी आणि आई. महिन्यातून एक फेरी साताऱ्याला, उन्हाळ्यात महाबळेश्वर. जुनी छोटी गाडी काढून नवी घ्यायची आहे आणि सगळं धरून १३ लाखांच्या वर जायचं नाही. निवड दोन गाड्यांवर येऊन अडली आहे. एक, शोरूममधली नवी ‘स्पोर्ट’ हॅचबॅक, एक लिटरचं टर्बो पेट्रोल आणि ड्युअल क्लच ऑटोमॅटिक. दुसरी, सहा वर्षं जुनी, ४८ हजार किलोमीटर झालेली, दोन लिटरच्या बिनटर्बो पेट्रोल इंजिनाची ऑटोमॅटिक सेडान. मागच्या महिन्यात सायन-पनवेल हायवेवर कामोठ्याजवळ मित्राची तशीच टर्बो हॅचबॅक आणि सासऱ्यांची जुनी १.८ लिटरची मॅन्युअल सेडान शेजारीशेजारी आल्या, ६०च्या वेगावरून दोघांनी पाय दाबला आणि सासरे पुढे निघून गेले. मित्र म्हणतो, व्हिडिओत शून्यावरून शंभरच्या वेगाला पोचायचा वेळ बघ, माझीच गाडी फास्ट आहे. सासरे म्हणतात, सीसी ती सीसीच. “खरं कोण? आणि खरा पिकअप असलेली गाडी कोणती घेऊ?”

नमस्कार.

दोघंही खरं बोलतायत, पण वेगवेगळ्या गोष्टींबद्दल. आणि कामोठ्याजवळ जे झालं त्यावरून इंजिनाबद्दल फारसं काहीच सिद्ध होत नाही. पत्रात एक ओळ जाता जाता आली आहे: “आम्ही तिघं मित्राच्या गाडीत होतो, सासरे एकटेच.” म्हणजे टर्बोवर दोन माणसांचं, धरून चला १४० किलोचं, जादा ओझं होतं. त्याआधी कळंबोलीच्या ट्रॅफिकमध्ये वीस मिनिटं अडकलो होतो, असंही लिहिलं आहे. त्याकडे नंतर येतो.

मुख्य फरक गिअरचा होता. ऑटोमॅटिक गाडी ‘डी’मध्ये आरामात ६०ने चालली असेल तर ती वरच्या गिअरमध्ये, दीड हजार आरपीएमच्या (इंजिनाच्या मिनिटाला फेऱ्यांच्या) आसपास असते. पाय दाबला की आधी गिअरबॉक्सला ठरवावं लागतं की किती गिअर खाली यायचं. मग गिअर बदलतो, मग एक्झॉस्टचा जोर वाढतो, त्यावर टर्बो, म्हणजे इंजिनात जादा हवा दाबणारा पंखा, गरगरायला लागतो, बूस्ट (त्या हवेचा दाब) तयार होतो आणि त्यानंतर गाडी उठते. सासरे जुन्या वळणाचे चालक दिसतात. त्यांनी पाय दाबण्याआधीच तिसरा टाकला असणार आणि इंजिन चढत्या आरपीएमवर तयारच असणार. ६०च्या वेगाला गाडी सेकंदाला जवळजवळ १७ मीटर जाते. मित्राच्या गाडीने उठायला दीड सेकंद घेतला असेल, तर तेवढ्यात रस्ता २५ मीटर सरकला. एनएमएमटीच्या दोन लांब बस एकामागे एक उभ्या केल्या की होतं तेवढं अंतर. त्या दीड सेकंदात मित्राची गाडी २५ मीटर गेली, पण त्यातला सगळा वेळ सासरे वेग वाढवत होते आणि मित्र वाट बघत होता.

मित्राने आधीच मॅन्युअल मोडमध्ये तिसरा घेऊन ठेवला असता, तर निकाल वेगळा लागू शकला असता.

आता सीसीचं, म्हणजे इंजिनाच्या आकाराचं, बघू. टर्बो म्हणजे उसनी सीसी. इंजिन नुसतं श्वास घेत असेल तर लिटरमागे साधारण ९५ ते १०० न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, मिळतो. जुन्या सिव्हिकचं १.८ लिटर इंजिन १७२ न्यूटन-मीटर द्यायचं, कोरोला आल्टिसचं १.८ लिटर १७३, एलान्ट्राचं दोन लिटर १९२. आयट्वेंटी एन लाइन या ‘स्पोर्ट’ हॅचबॅकमधलं ९९८ सीसीचं टर्बो इंजिन देतं १७२. म्हणजे एक लिटरचा टर्बो टॉर्कच्या हिशेबात १.८ लिटरच्या सेडानच्या रांगेत बसतो, तिच्या पुढे नाही. (हेच १२० पीएसचं, म्हणजे १२० अश्वशक्तीचं, इंजिन साध्या आयट्वेंटी टर्बोतही होतं. ‘स्पोर्ट’ ट्रिममध्ये सस्पेन्शन कडक होतं, सायलेन्सरचा आवाज बदलतो, लाल शिलाई येते. इंजिन बहुतेक वेळा तेच असतं.)

फरक आहे तो हा टॉर्क कुठे मिळतो त्यात. सिव्हिकला तो ४,३०० आरपीएमला मिळायचा, टर्बोला कागदावर १,५०० ते ४,००० पर्यंत सपाट मिळतो. म्हणूनच टर्बो जोरात वाटते. अर्धा पाय दाबला तरी पाठ सीटला टेकते. बिनटर्बो इंजिनाची ताकद जिन्यासारखी पायरी-पायरीने चढते, आणि असं चढणं अंगाला कमी जाणवतं, घड्याळात वेळ तेवढाच निघाला तरी. टेस्ट ड्राइव्हमध्ये बहुतेक जण इथेच फसतात. झटका म्हणजे वेग नव्हे.

आणि तो १,५०० आरपीएमचा आकडा पाय आधीपासून पूर्ण दाबलेला असतानाचा आहे. रस्त्यावर १,५०० आरपीएमला पाय हलका ठेवून चाललेल्या गाडीत बूस्ट नसतोच. दाबल्यावर तो तयार व्हायला वेळ लागतो. उसने पैसे मिळतात, पण माणूस बँकेत जाऊन येईपर्यंत थांबावं लागतं.

शून्य ते शंभरच्या आकड्यावर तुम्ही फार विसंबलाय, म्हणून त्याबद्दल थोडं. ही चाचणी होते तेव्हा गाडीत सहसा एक किंवा दोन माणसं असतात, एका पायाने ब्रेक धरून दुसऱ्याने रेस देऊन बूस्ट आधीच भरून घेतलेला असतो, आणि काही चाचण्यांमध्ये पहिला फूटभर प्रवास वेळेत धरतही नाहीत. म्हणजे ज्या क्षणी टर्बो कमजोर असतो नेमका तोच गाळला जातो. महापेच्या सिग्नलवर कोण असं सुटतं? तुम्हाला रोज लागतो तो वेग वेगळा आहे: उरण फाट्याला लेन पकडताना ३० ते ६०, घाटात ट्रकमागून निघताना ४० ते ७०, एक्सप्रेसवेवर ७० ते १००. यातल्या प्रत्येकात सुरुवातीचा अर्धा-एक सेकंद सगळ्यात महागडा.

वजनाचा हिशेब स्वतःच करून बघा. टर्बो हॅचबॅक ११०० किलो धरू, १२० पीएस. सेडान १३०० किलो, १५२ पीएस. एकटा चालक ७५ किलोचा असेल तर टनामागे हॅचबॅकला १०२ पीएस येतात, सेडानला ११०. आता चार माणसं आणि साताऱ्याचं सामान मिळून ३०० किलो टाका. हॅचबॅक ८६वर येते, सेडान ९५वर. हलक्या गाडीला तेच ओझं जास्त लागतं, कारण तिच्या स्वतःच्या वजनाच्या मानाने ते मोठं असतं. म्हणून मित्राच्या गाडीत एकट्याने मारलेली चक्कर तुमच्या कुटुंबाबद्दल काही सांगत नाही.

पण हेच गणित महाबळेश्वरला नेलं की उलटतं. तिथे उंची १,३५० मीटरच्या आसपास, हवा विरळ. बिनटर्बो इंजिन दर हजार मीटरला अंदाजे दहा टक्के ताकद गमावतं, म्हणजे तुमची १५२ पीएसची सेडान तिथे १३०च्या घरात येते. टर्बो विरळ हवा जास्त दाबून कमतरता बरीचशी भरून काढतो. वर पोचेपर्यंत दोघी जवळजवळ बरोबरीत, कदाचित हॅचबॅक थोडी पुढे. सासऱ्यांना हे सांगू नका, जेवणाच्या ताटावर वाद नको.

आता कळंबोलीचा ट्रॅफिक. टर्बो हवा दाबतो तेव्हा ती तापते, आणि इंटरकूलर तिला थंड करतो, पण तो समोरून वाऱ्याचा झोत मिळाला तरच. मे महिन्यात डांबराच्या वर वीस मिनिटं उभ्या गाडीत इंटरकूलर आणि बॉनेटखालचं सगळं तापून बसतं. गरम हवेत पेट्रोल अवेळी पेटून इंजिन ठोकायला लागू नये म्हणून कॉम्प्युटर ठिणगीची वेळ मागे नेतो आणि ताकद कमी होते. मोकळ्या रस्त्यावर काही मिनिटं चालल्यावर ती परत येते. बिनटर्बो इंजिनालाही गरम हवा बाधते, पण कमी. एसीचा कॉम्प्रेसरही काही अश्वशक्ती घेतो, आणि बूस्ट नसलेल्या एक लिटर इंजिनाला ते दोन लिटरपेक्षा जास्त जाणवतं. सकाळी सातला घेतलेली टेस्ट ड्राइव्ह म्हणून निरुपयोगी.

पत्रात गिअरबॉक्सबद्दल एकच शब्द आहे, ‘ऑटोमॅटिक’. माझ्या मते तुमच्या निवडीत इंजिनापेक्षा तोच मोठा आहे. लहान टर्बो गाड्यांतले सात गिअरचे ड्युअल क्लच बॉक्स बऱ्याचदा कोरड्या, म्हणजे तेलात न बुडलेल्या, क्लचचे असतात. चालू रस्त्यावर ते झपकन गिअर बदलतात, तिथे त्यांना तोड नाही. पण तुर्भे ते महापे असं ताशी चार-पाच किलोमीटरने सरकताना त्यांचा क्लच सतत अर्धवट घसरत राहतो आणि तापतो. तुमची जुनी सेडान बहुधा टॉर्क कन्व्हर्टरची असेल. त्यात इंजिन आणि गिअर यांच्यामध्ये तेल असतं, सरकताना झिजायला क्लच नसतो, आणि सुटताना तेच तेल टॉर्क वाढवून देतं. म्हणून जुन्या ऑटोमॅटिक सिग्नलला गुळगुळीत सुटतात. त्यांची खोड एकच: पाय दाबल्यावर खालचा गिअर घ्यायला काही बॉक्स फार विचार करतात. हे गाडीगणिक वेगळं असतं, म्हणून मोजायचं.

मोजायची पद्धत सोपी आहे, उपकरण लागत नाही. मागे बसलेल्या माणसाला मोबाइलवर सेकंदाला ६० फ्रेमचा व्हिडिओ घ्यायला सांगा, स्पीडोमीटर फ्रेममध्ये स्पष्ट दिसला पाहिजे. गाडी ३०च्या वेगावर ‘डी’मध्ये स्थिर ठेवा. बाजूचा माणूस मोठ्याने “दाब” म्हणेल त्या क्षणी पाय पूर्ण खाली. ६० झाले की पाय काढा. घरी व्हिडिओ फ्रेम-फ्रेमने पुढे न्या आणि दोन आकडे लिहा. पहिला, “दाब”पासून वेग ३२ दिसेपर्यंतच्या फ्रेम भागिले ६०. दुसरा, तिथून ६०पर्यंत. पहिला म्हणजे गाडीचं आळस झटकणं, दुसरा म्हणजे तिचा दम. याच पट्ट्यावर उलट दिशेनेही तेच करा, म्हणजे चढ-उतार आणि वारा कापला जाईल. प्रत्येक दिशेला तीन वेळा, पहिली खेप सोडून द्या. मग स्पोर्ट मोडमध्ये परत. दोन्ही गाड्यांत माणसं तीच, एसी चालू, टायरची हवा थंड असताना दाराच्या खांबावरच्या स्टिकरप्रमाणे. स्पीडोमीटर सगळ्याच गाड्यांत थोडा जास्त दाखवतो, त्यामुळे दोन गाड्यांचे आकडे ताडताना मोबाइलच्या जीपीएसवर ६०चा खरा वेग किती तेवढं पाहून घ्या. जीपीएसनेच वेळ मोजू नका. बहुतेक मोबाइल सेकंदाला एकदाच वेग सांगतात, आणि तुम्हाला अर्ध्या सेकंदाचा फरक पकडायचाय.

पहिला आकडा अर्ध्या सेकंदाच्या आत आला तर उत्तम. एक सेकंदाच्या वर गेला तर ती गाडी तुम्हाला रोज चिडवणार, शून्य ते शंभर काहीही असो.

हे सगळं ६०च्या आत, मागे-पुढे कुणी नसताना. मित्राशी पुन्हा शर्यत लावून बघू नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९खाली रस्त्यावर शर्यत लावण्याला पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड आहे. शिवाय एक्सप्रेसवे असो वा अटल सेतू, कारला मर्यादा १००ची, सेतूच्या चढ-उताराच्या रॅम्पवर तर ४०ची. त्या वेगात कोण पुढे गेलं याला काही अर्थ उरत नाही.

तुमच्या प्रश्नातली एक गोष्ट मला जुनी वाटते: टर्बो म्हणजे स्पोर्ट आणि मोठं इंजिन म्हणजे फॅमिली सेडान, ही वाटणी. सुपर्बमध्ये ३.६ लिटरचं व्ही सिक्स आणि अकॉर्डमध्ये ३.५ लिटरचं मिळायचं तेव्हा ती खरी होती. त्या गाड्या आजच्या कितीतरी ‘स्पोर्ट’ हॅचबॅकना सहज मागे टाकतील. गोल्फ जीटीआयसारखी खरी टर्बो स्पोर्ट गाडी २६५ पीएसची आणि तुमच्या बजेटच्या अनेक पट महाग. एक लिटरचे टर्बो आले त्याला वेगाइतकाच कर कारणीभूत आहे: चार मीटरच्या आत आणि १२०० सीसीच्या आत पेट्रोल गाडी असली की ती लहान ठरते. आणि आता फॅमिली सेडानच टर्बो झाल्या आहेत. व्हर्ना टर्बोचं १.५ लिटर इंजिन १६० पीएस आणि २५३ न्यूटन-मीटर देतं, व्हर्टस आणि स्लाव्हियाचं १.५ लिटर १५० पीएस आणि २५० न्यूटन-मीटर. हा टॉर्क अडीच लिटरच्या बिनटर्बो इंजिनाएवढा झाला. दोन-तीन वर्षं जुनी यातली एखादी तुमच्या पैशांत बसते का बघा. बसली तर तुमच्या दोन्ही पर्यायांपेक्षा ती चपळ आहे, आणि डिकीही मोठी. ट्रॅफिकचा त्रास मुख्य असेल तर व्हर्टस-स्लाव्हियाचं एक लिटरचं मॉडेल सहा गिअरच्या टॉर्क कन्व्हर्टरसह येतं, ११५ पीएसचं. ते धावपटू नाही, पण तुर्भ्याच्या रांगेत डोकं शांत ठेवतं.

मूळच्या दोनमधूनच निवडायचं असेल तर चार माणसं, सातारा आणि रोजचा महापे बघता मी जुन्या सेडानकडे झुकेन, पण तिचा पहिला आकडा एका सेकंदाच्या आत आला तरच. आठवड्यातले सहा दिवस तुम्ही एकटेच, अवेळी, मोकळ्या रस्त्याने जात असाल तर हॅचबॅक घ्या, मजा जास्त येईल.

सेडान घेण्याआधी सर्व्हिसचा इतिहास मागा आणि त्यात गिअरबॉक्सचं तेल कधी बदललं ते शोधा. “लाइफटाइम तेल आहे” असं उत्तर आलं तर ते ४८ हजारांवर बदलून घ्यायचा खर्च भावातून कापा. गिअर घेताना धक्का, ‘आर’ टाकताना ठक्क असा आवाज, थंड असताना ठीक आणि गरम झाल्यावर घसरणं, यातलं एक जरी दिसलं तरी पुढची गाडी बघा. प्लग, एअर फिल्टर आणि थ्रॉटल बॉडीची सफाई या स्वस्त गोष्टी, पण सहा वर्षांच्या गाडीचा अर्धा गेलेला पिकअप कधीकधी तिथेच सापडतो.

टर्बो घेतलीत, किंवा घरात आधीच असेल, तर इंजिनाचं तेल गाडीच्या कंपनीने सांगितलेल्याच ग्रेडचं आणि मुदतीआधी बदला, कारण टर्बोचा दांडा याच तेलाच्या पातळ थरावर फिरतो. खंबाटकी चढून हॉटेलात थांबलात तर इंजिन अर्धा-एक मिनिट चालू ठेवून मग बंद करा. पाय दाबल्यावर फुस्स आवाज आणि ताकद नाही, अशी तक्रार आली तर टर्बो बदलायला सांगणाऱ्या मेकॅनिककडे आधी इंटरकूलरचे पाइप आणि त्यांचे क्लॅम्प तपासून मागा. पाइप सैल होणं टर्बो जाण्यापेक्षा कितीतरी जास्त वेळा घडतं आणि काम मिनिटांचं असतं. ट्रॅफिकमध्ये पुढच्या गाडीच्या बंपरला चिकटून इंच-इंच सरकू नका. एक गाडीची जागा सोडा, ब्रेक घट्ट धरा, जागा झाली की एकदम पुढे घ्या. आणि ओव्हरटेक करायच्या दोन-तीन सेकंद आधी लिव्हर मॅन्युअलला ओढून एक-दोन गिअर खाली आणा, काटा अडीच हजारांच्या वर नेऊन ठेवा. तेवढ्याने बँकेत जायचा वेळ वाचतो.

तुमच्या जुन्या सेडानच्या बाबतीत एक गोष्ट राहिली. आता पंपावर मिळतं ते वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल. एप्रिल २०२३ पूर्वीच्या बऱ्याच गाड्या त्यासाठी बनवलेल्या नाहीत. पेट्रोलच्या झाकणाच्या आतलं स्टिकर आणि मॅन्युअल बघा. ई१०, म्हणजे दहा टक्के इथेनॉलपर्यंतच, लिहिलेलं असेल तर रबरी होज आणि सील तपासून घ्यायचे, आणि अॅव्हरेज विकणारा सांगतो त्याहून कमी धरायचं.

टेस्ट ड्राइव्ह शनिवारी दुपारी दोनची मागा, आणि आई, बायको, मुलगी तिघींना घेऊन जा. शोरूमवाले म्हणतील, एवढी माणसं नको, विमा एका-दोघांचाच आहे. मग सेल्समनला बाजूला बसवा आणि मागे तिघी. वजन भरून निघतं.